आतली कडी

आमची वहिनी आंघोळ करताना बोलायची. गुणगुणायची नव्हे, देवाचं म्हणायची नव्हे, चक्क बोलायची. न्हाणीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत तिच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नसे. पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की तिचा आवाज वाडीभर घुमायचा. "भावजी, डबा घेतलात का? कालच्यासारखा विसराल हो! अहो, छत्री दाराआड आहे. दुधावर लक्ष ठेवा कुणीतरी! शांताबेन, तुमची कोंबडी आमच्या अळवात आली बरं का!" मध्येच पाण्याचा आवाज, मग पुन्हा बोलणं. उत्तर मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर प्रश्नही तिचाच आणि उत्तरही तिचंच.

शेजारच्या शांताबेननी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. त्या काळी आमच्या वाडीत खरा रेडिओ फक्त मालकांकडे होता, त्यामुळे हे नाव सगळ्यांना एकदम पटलं. मी तर वहिनीची नक्कल करण्यात पटाईत झालो होतो. घरी कुणी आलं की तांब्या हातात घेऊन, डोक्यावर पंचा टाकून मी तिचा आंघोळीचा कार्यक्रम करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. वहिनीही हसायची. आज ते आठवलं की मला चोरट्यासारखं होतं. पण ते पुढे येईलच.

आम्ही बोरीवलीला राहायचो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. एका वाडीतल्या बैठ्या चाळीत दोन खोल्या, मागे दार, दारापुढे थोडी मोकळी जागा, तिच्यात केळीचं बेट आणि अळूचा वाफा. त्या वाफ्याच्या कडेला आमची न्हाणी. न्हाणी म्हणजे काय, तर एक काळा दगड, तीन बाजूंना बांबूचे तट्टे आणि चौथ्या बाजूला दार म्हणून गोणपाटाचा पडदा. छप्पर नव्हतं. आंघोळ करताना वर बघितलं तर केळीची पानं आणि त्यांच्या फटीतून कान्हेरीचे डोंगर दिसत. घरात माझा मोठा भाऊ दादा, वहिनी आणि मी. दादा फोर्टातल्या एका कचेरीत होता आणि मीही नुकताच मॅट्रिक होऊन दुसऱ्या एका कचेरीत चिकटलो होतो. दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. पण घर कधी तिघांचं नसायचंच. गावाकडून नोकरी शोधायला येणारा प्रत्येक जण आधी आमच्याकडे उतरायचा, आणि एकदा उतरला की महिना-महिना हलायचा नाही.

मी आईविना वाढलेला. शाळकरी वयात दादाकडे आलो, तेव्हापासून वहिनीनेच मला सांभाळलं. तरीही ती मला शेवटपर्यंत "भावजी" आणि "तुम्ही" म्हणत राहिली. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हाही. "भावजी, नाक पुसा" असं म्हणणारी वहिनी मी दुसरी पाहिली नाही. मी मात्र तिला अगं-तुगंच करायचो.

मी तसा लहानपणापासून अपराधी चेहऱ्याचा माणूस. काही सांडलं, फुटलं, कुणाला ताप आला, तरी मला वाटायचं यात आपलाच काहीतरी दोष असणार. उठता-बसता माझ्या तोंडी "चुकलं, वहिनी." त्याच्यावर तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चुकलं राहू दे, बादली भरा." विहीर मागल्या बाजूला, आणि घरात पाणी लागायचं भरपूर. माझ्या पश्चात्तापाच्या पाण्याने घरातले हंडे कधी रिकामे राहिले नाहीत.

तर ती न्हाणी एका सकाळी पडली. पडली म्हणजे पाडली गेली. जवळच म्हशींचा तबेला होता. तिथली एक म्हैस सुटून आमच्या मागल्या दारी आली आणि तट्ट्याला पाठ घासू लागली. आत वहिनी होती, तिचा कार्यक्रम नेहमीसारखा रंगात आला होता. "भावजी, तट्टा हलवू नका हो!" ती आतून ओरडली. मी ओट्यावर दात घासत होतो. "मी नाही, वहिनी, म्हैस आहे!" मी म्हणालो, आणि तेवढ्यात कडकड आवाज होऊन तिन्ही तट्टे आडवे झाले. त्यांतला एक म्हशीच्या शिंगात अडकला. म्हैस घाबरली आणि तो तट्टा डोक्यावर घेऊन वाडीतून मिरवत निघाली. तिच्यामागे तबेल्यातला भय्या हातात काठी घेऊन.

उभा राहिला तो फक्त गोणपाटाचा पडदा. तो दोन वेगळ्या मेढींवर बांधलेला होता. त्या एवढ्याशा पडद्यामागे वहिनी ओल्या लुगड्यानिशी अंग चोरून उभी. पडद्यामागून आवाज आला, "भावजी, तोंड तिकडे करा. आणि चादर टाका."

"चुकलं, वहिनी!" मी म्हटलं.

"म्हशीचं चुकलं! तुम्ही चादर आणा आधी!"

वाडीला हा किस्सा महिनाभर पुरला असता. पण वहिनीने त्याच दिवशी संध्याकाळी, दादा कचेरीतून आल्याबरोबर, त्याच्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं, "आता तट्टा नको. दार पाहिजे. आणि दाराला कडी पाहिजे."

दादा माणूस वाईट नव्हता, पण जुनं आहे ते चालवून घ्यावं असं त्याचं मत. तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं तट्टाच होता ना? कुणाचं काय बिघडलं? उद्या नवा बांधून घेऊ."

"दार पाहिजे," वहिनी म्हणाली.

"न्हाणीला कुणी दार लावतं का?"

"मी लावते."

वहिनीला भांडता येत नव्हतं. पण एकदा मनात घेतलं की ती सोडायचीही नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरातल्या मोरीवर आंघोळ करायला सुरुवात केली. त्यासाठी ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. आता आमच्या घराला सकाळी जे काही लागतं ते सगळं स्वयंपाकघरात. चहा तिथे, दाढीचं गरम पाणी तिथे, डबे तिथे. दादा बंद दारापुढे पितळी पेला घेऊन येरझाऱ्या घालायचा. आतून रेडिओ चालू असायचाच. "येते हो, येते. अहो, तुमचा सदरा दोरीवर आहे. भावजी, पेपर वाचत बसू नका!" दार मात्र उघडायचं नाही. शांताबेन खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "दादा, चहा माझ्याकडे घ्यायला या. आज तुमचं हॉटेल बंद छे."

दादाने आठवडाही काढला नाही. तो मालकांकडे गेला. मालक म्हणाले, विटांचं पक्कं काही चालणार नाही, लाकूड-पत्रा लावा. मग दादाने कचेरीतून मालाच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या मिळवल्या, बाजूंना लावायला कुणाकडून पत्रे आणले आणि सुताराला बोलावलं. हे आमच्याच गावाकडचे धाकू मेस्त्री. तोंडाने तिखट, हाताने झपाट्याचे. न्हाणी उभी राहत होती तेव्हा वहिनी दिवसभर काही ना काही निमित्ताने मागल्या दारी यायची, एखाद्या फळीवरून हात फिरवायची आणि परत जायची.

दाराला लावायच्या फळ्यांवर काळ्या शाईने इंग्रजी अक्षरं छापलेली होती. वहिनीने मला विचारलं, "भावजी, काय लिहिलंय हे?"

मी वाचून सांगितलं, "नाजूक वस्तू आहे, सांभाळून हाताळा."

वहिनीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मेस्त्रींना म्हणाली, "ही बाजू बाहेर लावा. घरातल्यांना दिसू दे."

दार बसवलं त्या दिवशी वहिनी पार्ल्याला बहिणीकडे डोहाळजेवणाला गेली होती. संध्याकाळी परत आली ती चपला न काढता सरळ मागल्या दारी गेली. दार छान होतं. आत ढकललं की उघडायचं, कुरकुरायचं नाही. त्याला नवी कोरी लोखंडी कडी लावली होती. बाहेरून.

वहिनी त्या कडीकडे बघत राहिली. "ही बाहेर का?"

दादा म्हणाला, "मग कुठे असते? कोंबड्या शिरतात, कुत्रं जाऊन दगडावर झोपतं. कडी घातली की झालं."

धाकू मेस्त्री हत्यारं गोळा करत होते. ते म्हणाले, "वयनी, न्हाणयेक भितरसून कडी खंय लायतत? थंय काय सोन्याची पेटी ठेवची आसा?"

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो. वहिनीही हसली, पण आमचं हसणं संपत आल्यावर. "बरं, दार तरी झालं," एवढंच ती म्हणाली आणि चपला काढायला घरात गेली. तिने ज्या कडीसाठी इतके दिवस दादाचा चहा अडवून धरला होता ती कडी ही नव्हे, हे आम्हा तिघा शहाण्या पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कडी म्हणजे बाहेरचं जनावर आत जाऊ नये म्हणून. आतल्या माणसालाही ती लागत असेल हे आमच्या गावीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो. मागल्या दाराने गेलं की स्टेशनची वाट जवळ पडायची. न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं दिसलं. आतून काही आवाज नाही. बोलणं नाही, पाणी नाही. म्हणजे न्हाणी रिकामी, असं मी धरलं. इतक्या वर्षांची आमची तीच खूण होती. रेडिओ चालू असेल तर आत माणूस आहे, बंद असेल तर नाही. शेजारचं कुत्रं तिथेच घुटमळत होतं. मी मोठ्या जबाबदारीने पुढे झालो, नवी कडी घातली, आणि आपण घरासाठी काहीतरी केलं अशा समाधानात चालू लागलो.

रेल्वे फाटकाशी गाडी जायची होती म्हणून थांबलो. हात हलका लागला. बघतो तर डबा नाही. डबा कसा विसरला? रोज तर वहिनी न्हाणीतून ओरडते, "भावजी, डबा घेतलात का?" आज ओरडली नाही. का ओरडली नाही? आणि मग आठवलं. सकाळपासून वहिनी मला दिसलीच नव्हती. घरात नव्हती, ओट्यावर नव्हती. मग ती होती कुठे?

मी कचेरीच्या कपड्यांत, पायांत नवे बूट, असा धावत सुटलो. घरी आलो तो दूध उतू जाऊन चूल विझलेली, आणि दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा. "तुझी वहिनी शांताबेनकडे गेली वाटतं," तो वैतागून म्हणाला. मी उत्तर न देता मागे धावलो. कडी काढली, पण दार ढकलायला हात होईना.

"वहिनी!"

आतून अगदी सावकाश आवाज आला. "उघडू नका. येते."

दाराला आतून भरलेली बादली टेकवून ठेवली होती, ती सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं. वहिनी बाहेर आली. केस धुतलेले, नीट पुसलेले, अंबाडा न घालता पाठीवर सोडलेले. तिचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता. कुठल्या तरी गावाला जाऊन चार दिवस राहून आल्यासारखा.

"वहिनी, चुकलं! मीच कडी घातली. अगं, ओरडायचं नाहीस का?" मी रडायच्या बेतात आलो होतो.

"ओरडणारच होते," ती म्हणाली. "मग मनात आलं, आता कुणी हाक मारली तरी आपल्याला जाता येणार नाही. मग बसले दगडावर. वर बघत होते. केळीला नवं पान आलंय, बघितलंत का?"

तोवर दादा आला होता. त्याने विचारलं, "पण आज तुझी बडबड का बंद? आवाज असता तर यानं कडी घातली नसती."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाला साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ती म्हणाली, "अहो, ती बडबड हौसेची होती का? गोणपाटाला कडी होती का? घरात तुम्ही दोघं, वर गावचे उतरलेले दोघं-चौघं. मी जरा गप्प झाले की न्हाणी रिकामी समजून कुणीतरी पडद्याला हात घालायचं. दोनदा झालंय तसं. मग बोलत राहायचं. काय बोलणार? सदरा, छत्री, डबा. आज दार होतं, बादली लावली होती, म्हटलं एक दिवस तोंडाला सुट्टी."

आम्ही दोघे भाऊ उभे होतो. दादा खाली अळवाकडे बघत होता. मला तांब्या हातात घेऊन केलेल्या माझ्या सगळ्या नकला आठवल्या. ज्याला आम्ही रेडिओ म्हणून हसत होतो ती त्या बाईची कडी होती. रोज, थंडीत कुडकुडतानासुद्धा, ती आपल्या आवाजाने दार लावून घेत होती.

"चुकलं, वहिनी," मी पुन्हा म्हणालो. या वेळी ते नुसतं सवयीचं नव्हतं.

"चुकलं राहू दे, बादली भरा," ती म्हणाली. "आणि डबा न्या आज तरी. शांताबेन, दूध आहे का हो वाटीभर? आमचं गेलं उतू!"

त्या रविवारी दादाने कुणालाही न सांगता कडी काढली आणि स्वतः आतून बसवली. दादाने उभ्या जन्मात हातोडा धरला नव्हता. कडी तिरकी बसली, अंगठा काळानिळा झाला, आणि बाहेरच्या बाजूला जुन्या खिळ्यांची भोकं तशीच राहिली. धाकू मेस्त्री पुढे कधीतरी आले तेव्हा ते काम बघून म्हणाले, "ह्या कोणी केल्यान? माका बोलवचा हुता!" दादा म्हणाला, "नाही, हे माझंच काम होतं."

त्यानंतर रेडिओ बंद झाला. सकाळी न्हाणीतून फक्त पाण्याचा आवाज यायचा, आणि त्याच्या आधी कडी सरकल्याचं खट्ट. शांताबेन पहिले काही दिवस काळजीने विचारायच्या, "वहिनी, रेडिओ केम बंध छे?" पुढे गंमत अशी झाली की त्यांनीही नवऱ्याच्या मागे लागून आपल्या न्हाणीला दार करून घेतलं. कडी कुठल्या बाजूला लावायची ते दाखवायला वहिनीच गेली होती. मी अधूनमधून डबा विसरू लागलो. कुत्रं दुपारी बिनधास्त आमच्या न्हाणीत झोपू लागलं, आणि त्याला कुणी हटकलं तर वहिनी म्हणायची, "झोपू दे हो. त्याला तरी कुठे जागा आहे?"

पुढे वाडी गेली, तिथे इमारती आल्या. माझं लग्न झालं, मी जवळच ब्लॉक घेतला. दादा गेल्यावर वहिनी आमच्याकडे राहायला आली. आमच्या बाथरूमला फरशा, नळ, आणि आतून पितळी कडी. आल्या दिवशी तिने ती कडी दोनदा लावून-काढून बघितली. "सरळ बसवलीय," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

काही वर्षांनी तिला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी बजावलं, बाथरूमची कडी लावायची नाही. पडल्या तर आत जाता आलं पाहिजे. हे तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी दोन दिवस ते टाळलं. शेवटी मान खाली घालून सांगितलं.

ती ऐकून हसली. "डॉक्टरांना म्हणावं, ती कडी मिळवायला मला एक म्हैस लागली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. बाथरूमचं दार लोटलं गेलं, कडी वाजली नाही. आणि पाण्याचा पहिला तांब्या पडल्याबरोबर आतून आवाज आला, "भावजी, डबा घेतलात का?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघू लागली. मी पेपर खाली ठेवला. "घेतला, वहिनी!" मी ओरडलो. त्या दिवशी सुट्टी होती.

मग रोजचंच झालं. ती आतून विचारायची, मी बाहेरून उत्तर द्यायचो. छत्री, दूध, शांताबेनची कोंबडी, धाकू मेस्त्रींचा अंगठा की दादाचा, यावर वाद. पूर्वी आम्ही कुणी तिला धड उत्तर देत नव्हतो. आता एकही प्रश्न मी वाया जाऊ दिला नाही. ती जरा गप्प झाली की मी उठून दाराशी जायचो. "वहिनी?"

"आहे, आहे. साबण लावतेय."

एका दुपारी ती झोपेतच गेली, कुणाला काही त्रास न देता. वाडीतली जुनी माणसं आली होती. शांताबेनही काठी टेकत आल्या. म्हशीची गोष्ट निघाली तेव्हा त्या रडता रडता इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता माझंही वय होत आलंय. बाथरूमची पितळी कडी तेव्हापासून कुणीच न वापरल्यामुळे जाम झाली आहे आणि मी ती सैल करून घेत नाही. परवा बायकोने बाहेरून विचारलं, "अहो, आत कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही," मी म्हणालो. "आहे म्हणून सांगतोय."

मला वाटलं, आपण हिला उगाच काळजीत टाकलं.

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं राहू दे," ती बाहेरून म्हणाली. "पाणी जाईल आता. बादली भरा."